पाचही जण तीन नंबरला

सव्वीस वर्षं मी आमच्या कारखान्याच्या बास्केटबॉल संघाचे सामने बघतोय, आणि त्यातली पंचवीस वर्षं त्यांना मार खातानाच बघितलंय. गेल्या मोसमात चौदा सामने झाले. तेरा हरलो. चौदावा जिंकलो, कारण समोरच्यांची बस वाटेत बंद पडली आणि ते आलेच नाहीत. आमचे गडी तरी तासभर रिकाम्या कोर्टावर बॉल मारत राहिले आणि मी बाकावर बसून टाळ्या वाजवल्या. हॉलमध्ये माझ्याशिवाय फक्त झाडूवाला होता. तो म्हणाला, "जिंकलात ना? मग आता तरी घरी जा की."

घरी जाऊन तरी काय करायचं होतं? आम्हाला मूलबाळ नाही. बायको म्हणते, लोकांना दारूचं व्यसन असतं, यांना हरण्याचं. मी तिच्याशी वाद घालत नाही. वाद घातला की ती स्कोअर विचारते.

आमचा कारखाना काचेच्या बाटल्यांचा. भट्टी चोवीस तास पेटलेली असते, ती विझवता येत नाही, त्यामुळे काम तीन पाळ्यांत चालतं. मी टाइम ऑफिसात. फाटकाजवळच्या खिडकीत बसतो, हजेरी घेतो, आणि कोण कुठल्या पाळीला, कुठल्या लाइनवर, हा तक्ता दर पंधरवड्याला मीच बनवतो. खाली सही मॅनेजरची असते, पण वाचून सही करणारा मॅनेजर मी अजून बघितलेला नाही. सगळा कारखाना मला हजेरीमामा म्हणतो. खरा मामा मी एकाचाच, ताईच्या मुलाचा. तो आमच्या संघाचा कॅप्टन.

ताई माझी थोरली बहीण. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे भाऊजींनी, मला या कारखान्यात चिकटवलं. स्वतः ते एक नंबर लाइनवर तीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभे राहिले आणि निवृत्तीनंतर वर्षभरात गेले. मग मी भाच्याला आत घेतला, भाऊजींच्याच लाइनवर. ताईला त्याचं फार कौतुक होतं. "बापाच्या जागेवर उभा राहतो," असं ती दूधवाल्यालाही सांगायची. एक नंबर म्हणजे आमच्याकडची सगळ्यात पक्की लाइन. मोठ्या बाटल्या, जुनी गिऱ्हाइकं. कारखाना बुडाला तरी एक नंबर शेवटी बुडेल, असं म्हणायचे.

संघ का हरतो याची प्रत्येकाकडे वेगळी कारणं होती. रिंग वाकडी आहे, फरशी घसरते, पंच त्यांचा मेहुणा आहे. नाचता येईना अंगण वाकडं. खरं कारण मला माहीत होतं, कारण ते माझ्याच तक्त्यात होतं. पाच जणांतले दोघं पहिल्या पाळीला, एक दुसरीला, दोघं तिसरीला. एकत्र सराव नावाची गोष्टच नव्हती. सामन्याच्या दिवशी कोर्टावर भेटायचे आणि एकमेकांना विचारायचे, कसं काय, बरं आहे ना.

या मोसमाचा पहिला सामना आम्ही एकतीस पॉइंटनी हरलो. शेवटच्या क्वार्टरमध्ये भाच्यानं असा सुंदर पास काढला की माझ्या अंगावर काटा आला. दोन माणसांच्या मधून, कमरेच्या उंचीवर, बरोबर बास्केटखाली. तिथे कोणीच नव्हतं. तिथे खांब असायला हवा होता. खांब म्हणजे आमचा सगळ्यात उंच गडी. तो रात्रपाळी करून थेट आला होता आणि मधल्या रेषेवर उभ्याउभ्या पेंगत होता. बॉल भिंतीवर आपटला आणि समोरचे हसले. भाचा हसला नाही. त्यानं खांबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागे पळाला.

त्या हसण्यानं माझं डोकं सटकलं. सोमवारी ऑफिसात आलो, तक्ता काढला, आणि कोणालाही न विचारता पाचही जणांची नावं एकाखाली एक लिहिली. तीन नंबर लाइन, पहिली पाळी.

तीन नंबरच का, तर ती सोपी होती. औषधांच्या लहान तपकिरी बाटल्या. काम बसून करायचं. पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोरून बाटल्या सरकत जातात, तडा दिसला, बुडबुडा दिसला की उचलून बाजूला टाकायची. तिथला सुपरवायझर निवृत्तीला टेकलेला, भला माणूस, त्याला फक्त चहा वेळेवर लागायचा. पहिली पाळी दोनला सुटते, म्हणजे सगळी दुपार सरावाला मोकळी. बाकी चौघांनी आभार मानले. भाचा म्हणाला, "मामा, मी एक नंबरला बरा आहे हो." मी म्हटलं, "कॅप्टनशिवाय सराव कसला? ये गुमान."

ताईनं मात्र मला घरी बोलावून फैलावर घेतलं. "त्याच्या बापाची जागा होती ती. का हलवलंस?"

"ताई, तिथे भट्टीची धग लागते. तीन नंबर थंड आहे. पोराच्या तब्येतीला बरं."

मी खोटं बोललो नव्हतो, पण खरंही बोललो नव्हतो. तिनं मान डोलावली. माझ्यावर तिचा लहानपणापासून विश्वास.

गोदामामागच्या मोकळ्या जागेत आमच्या फिटरनं एक रिंग वेल्डिंग करून उभी केली होती. फिटरच आमचा कोच. त्याला बास्केटबॉलमधलं कळायचं किती देव जाणे, पण आवाज खणखणीत होता. रोज दोनला पाचही जण तिथे जमायला लागले. मग मला वाटलं, दोनला सुटणार, हातपाय धुणार, तोवर सव्वादोन. मी त्यांना पावणेदोनलाच सोडायला लागलो आणि रजिस्टरात दोन लिहायला लागलो. नंतर दीडला. सुपरवायझर बघायचा आणि चहा प्यायचा. त्या अर्ध्या तासात बाटल्या सरकत राहायच्या आणि बघायला माणसं अपुरी पडायची, म्हणून लाइन हळू करावी लागायची. पंधरा बाटल्या कमी निघाल्या तर जग बुडतंय का, असं मी मनाशी म्हणायचो.

दुसरा सामना आम्ही एकोणीसनी हरलो. तिसरा सहानं. सहा म्हणजे काय, हे तुम्हाला नाही कळायचं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "फक्त सहानं हरलो." ती म्हणाली, "अभिनंदन." चौथ्या सामन्याला भाच्यानं न बघता डावीकडे पास दिला आणि तिथे खांब होता. जागा होता. बॉल आत गेला. चार पॉइंटनी जिंकलो, आणि या वेळी समोरच्यांची बस वेळेवर आली होती. मी बाकावर बसून लहान मुलासारखा रडलो. लाज वाटायचं वय निघून गेलंय माझं.

गंमत म्हणजे आमचे गडी डावीकडे पास देण्यात फार हुशार झाले. बाटल्या पडद्यासमोरून उजवीकडून डावीकडे सरकतात. आठ तास नजर तशीच फिरते. उजवीकडून येणारी वस्तू डावीकडे कधी, कुठे पोचेल, हे त्यांना न बघता कळायचं. दुसऱ्या कारखान्यांचे कोच टाइमआउट घेऊन डोकं खाजवायचे. मी मागून ओरडायचो, "शोधा, शोधा." फिटर मला गप्प बसवायचा.

चौदातले आठ जिंकले. आम्ही चौथे आलो, म्हणजे सेमीफायनल. हॉलमध्ये आता कारखान्यातले शंभरेक लोक यायला लागले. सव्वीस वर्षांत ज्यांनी संघाला नावं ठेवली ते मला पास कसा द्यायचा हे शिकवायला लागले. माझ्या बाकावर मला सरकून बसावं लागायचं. आयुष्यात एवढा आनंद मला कशानं झाला नव्हता, लग्नानंसुद्धा नाही. हे मी बायकोला सांगितलं नाही, तिला माहीत होतं.

सेमीफायनल रविवारी होती. त्याआधीच्या गुरुवारी सकाळी मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं.

"तीन नंबरच्या तिन्ही पाळ्यांची यादी हवी. आजच्या तारखेला जे आहेत ते सगळे. तीन प्रती. तुम्ही स्वतः करा, दुसऱ्या कोणाला देऊ नका."

मी विचारलं, "कशासाठी, साहेब?"

मॅनेजर माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण उद्धट नाही. त्यानं चष्मा काढला. "तुम्ही जुने आहात म्हणून सांगतो. औषधवाले प्लास्टिककडे गेले. एक लाइन बंद करायची, हे वरून ठरलंय. दोन नंबर की तीन नंबर, यावर वर्षभर घोळ चालला होता. शेवटी सहा महिन्यांचे आकडे बघितले. तीन नंबरची पहिली पाळी एकदम घसरलीय. का ते कोणाला कळत नाही. तुम्हाला काही कल्पना?"

"नाही, साहेब," मी म्हटलं.

मग म्हटलं, "यातले काही जण मूळचे तीन नंबरचे नाहीत, साहेब. माझा भाचा तर एक नंबरचा. त्यांना आधीच्या जागी टाकून मग यादी केली तर?"

"आजपासून कसलाही बदल नाही. पत्रं अकरा दिवसांनी, सोमवारी निघतील. आणि मामा, तोवर एक शब्द बाहेर जाता कामा नये. गेला, तर कुठून गेला ते मला कळेल."

मी खिडकीत जाऊन बसलो आणि यादी केली. अठ्ठेचाळीस नावं. त्यातली पाच सुरुवातीला, एकाखाली एक, माझ्याच अक्षरात. वेगवेगळ्या लाइनवर राहिले असते तर फार तर एखादा सापडला असता. आणि तीन नंबरचे आकडे पडले नसते, तर कदाचित हा एखादाही नाही. लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. मी तो निवडून, उचलून, पाच घरांवर पाडला होता. बाकीच्या त्रेचाळीस जणांचा हिशोब तर मी त्या दिवशी केलाच नाही.

त्याच संध्याकाळी भाचा घरी आला. हातात हेल्मेट, चेहरा गोंधळलेला. बायकोनं त्याच्यापुढे चहा ठेवला. त्यानं इकडची तिकडची चौकशी केली, ताकाला जाऊन भांडं लपवत बसला, आणि मग म्हणाला, "मामा, सायकलवाले बोलावतायत."

सायकलच्या कारखान्याचा संघ म्हणजे गेल्या पाच वर्षांचा विजेता. त्यांच्याकडे स्टोअरमध्ये जागा निघाली होती. कायम नोकरी, एकच दिवसपाळी. पण शनिवार संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचं आणि लगेच रुजू व्हायचं. रुजू झाला की आमच्याकडून खेळता येणार नाही, लीगचा नियमच तसा.

"बायकोशी बोललो," तो म्हणाला. "ती म्हणते घ्या. मुलगी लहान आहे, पाळ्या बदलल्या की सगळंच बिघडतं. आई म्हणते, मामाला विचार, तो सांगेल ते कर. मला काही सुचत नाही. रविवारी सेमी आहे. आत्ता कुठे आपण उभे राहतोय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं: जा. कारणही द्यायला नको होतं. यादीचा शब्द न काढता, कोणाचं नाव न घेता, नुसतं जा म्हटलं असतं तर तो गेला असता.

मी म्हटलं, "सायकली काय आज आहेत, उद्या नाहीत. बाटल्या लोकांना कायम लागणार. आणि तू गेलास तर या चौघांचं काय? तोंडाशी आलेला घास असा टाकतात का?"

त्यानं कपाशी चाळा केला. मग म्हणाला, "मलाही तसंच वाटत होतं." आणि हलका होऊन हसला.

नोकरीच्या भीतीनं मी गप्प बसलो, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी येत्या वर्षात निवृत्त होणार, मला कसली भीती? यादी म्हणजे काही अजून पत्र नव्हे, शेवटच्या क्षणी काही बदलेल, असंही मी मनाला सांगितलं. त्यावर माझा स्वतःचाच विश्वास बसला नाही. खरी गोष्ट लाजिरवाणी आहे आणि एका ओळीची आहे. मला फायनल बघायची होती.

शुक्रवारी मला जेवण गेलं नाही. शनिवारी दुपारी बायकोनं ताट पुढ्यात ठेवलं आणि समोर बसली. "काय झालंय?" मी सांगून टाकलं. यादी, तक्ता, सुटायची वेळ, सगळं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाली, "संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना? उठा. जा आणि त्याला सांगून या. जेवण मग जेवा."

मी गेलो. दुपारचे अडीच वाजले होते. गोदामामागे पाचही जण सराव करत होते. मी पत्र्याच्या भिंतीजवळ उभा राहिलो. फिटर ओरडत होता. भाच्यानं बॉल घेतला, उजवीकडे बघितलं आणि डावीकडे सोडला. खांब हवेत होता. त्यांच्यातला जो सगळ्यात बुटका, ज्याला आम्ही पोस्टमन म्हणतो कारण तो बॉल घरपोच देतो, तो रिंगखाली हसत होता. कोणी कोणाला हाक मारत नव्हतं. गरजच उरली नव्हती. सव्वीस वर्षं मी ज्याची वाट बघितली ते माझ्यापासून दहा पावलांवर चाललं होतं, आणि ते मी घडवलं होतं.

भाच्यानं मला बघून हात केला. "मामा, काही काम होतं?"

"नाही रे. सहज."

अर्धा तास थांबून मी घरी गेलो. बायको दारातच उभी होती. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?"

"तो म्हणाला, जायचं नाही. संघाला सोडून जाणार नाही म्हणाला."

तिनं सुस्कारा सोडला. "वेडा आहे. पण तुम्ही तुमचं काम केलंत." आणि मला वाढलं. मी जेवलो.

सेमीफायनल आम्ही अकरा पॉइंटनी जिंकलो. मी ती बघितली असं म्हणतो खरा, पण मला आठवतं ते एवढंच की बाजूचा माणूस माझ्या पाठीवर सारख्या थापा मारत होता आणि मला वाटत होतं की त्यानं जरा जोरात माराव्यात.

पुढचा आठवडा मी खिडकीत बसून काढला. सकाळी सहाला पाचही जण एकदमच फाटकातून आत यायचे. "मामा, रविवारी घसा तयार ठेवा," पोस्टमन म्हणायचा. मी रजिस्टरात त्यांच्या नावापुढे खूण करायचो. बुधवारी भाच्याची बायको मुलीला घेऊन डबा द्यायला आली. मुलगी खिडकीच्या कट्ट्यावर बसली आणि तिनं माझं पेन घेतलं. ती दोन वर्षांची आहे. मी तिला म्हटलं, "नको गं बाळ, ते पेन घेऊ नको." एवढ्या जोरात म्हटलं की ती रडायला लागली.

फायनल सायकलवाल्यांशीच होती. हॉल गच्च भरला होता. मॅनेजरसुद्धा आला होता, पहिल्या रांगेत, आणि एकदाही माझ्याकडे बघत नव्हता. तिसऱ्या क्वार्टरला आम्ही नऊनं मागे होतो. त्यांच्या कोचनं आमचं डावीकडचं गुपित ओळखलं होतं, तिकडे दोन-दोन माणसं उभी केली होती. माझ्या मनात आलं, हरू देत. हरले तर निदान मी यांना फुकटच बळी दिलं असं होईल, आणि मग मला माझा मनसोक्त तिरस्कार करता येईल. असले विचार करणारा माणूस स्वतःला संघाचा चाहता म्हणवतो.

ते हरले नाहीत. भाच्यानं टाइमआउट मागितला, पाचही जणांनी डोकी एकत्र केली, आणि नंतर त्यांनी सगळे पास उजवीकडे द्यायला सुरुवात केली. कसे दिले ते त्यांनाच ठाऊक. शेवटचे चार सेकंद राहिले तेव्हा स्कोअर सारखा होता आणि भाच्याला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही आत गेले. सगळा हॉल कोर्टावर धावला. मी बसूनच राहिलो. फिटरनं मला काखेत धरून उठवलं आणि पोरांच्या मध्ये नेऊन सोडलं.

"हा खरा कोच," तो ओरडला. "यानं एका पाळीला आणलं नसतं तर आपण अजून बस बंद पडायची वाट बघत बसलो असतो."

सगळे हसले. खांबानं मला चक्क उचललं. भाच्याचा शर्ट घामानं निथळत होता. त्यानं मला मिठी मारली आणि कानाशी म्हणाला, "मामा, पुढच्या वर्षीही आम्हाला तीन नंबरलाच ठेवा. कितीही मोठा मॅनेजर येऊ दे."

मी म्हटलं, "बघू."

सोमवारी सकाळी लिफाफे माझ्याच खिडकीवर आले. प्रत्येकाला द्यायचा आणि रजिस्टरात सही घ्यायची. पहिल्या पाळीचे लोक आले तेव्हा अजून कालच्याच गप्पा चालल्या होत्या. पोस्टमननं लिफाफा घेतला आणि विचारलं, "बक्षीस काय?" मग उघडला. खांबानं दोनदा वाचला, तिसऱ्यांदा मला वाचून दाखवायला सांगितला. मी वाचून दाखवला. रांगेतला गोंगाट मागे मागे थांबत गेला. कोणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. माझ्याकडून चूक झाली असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. हजेरीमामा काय, त्याला दिलं ते तो वाटणार.

भाचा शेवटी आला. त्यानं कागद उभ्याउभ्या वाचला, घडी घातली, लिफाफ्यात परत ठेवला. मग सही करायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"यादी तुम्हीच केली असेल ना, मामा?"

"हो."

"कधी?"

मला खोटं बोलता आलं असतं. शुक्रवार म्हटलं असतं, काल म्हटलं असतं. पण तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, रजिस्टराकडे बघत होता, आणि मला ते जमलं नाही.

"गुरुवारी. गेल्या नाही, त्याच्या आधीच्या."

तो मनात मोजत होता. "म्हणजे मी घरी आलो होतो त्या दिवशी."

"त्या दिवशी सकाळी."

त्यानं सही केली. पेन खाली ठेवलं आणि ते घरंगळून पडू नये म्हणून क्षणभर हातानं धरलं. मग फाटकाबाहेर गेला. बाकीचे चौघं तिथे थांबले होते. पाचही जण एकदमच निघाले.

दोन दिवस मी ताईकडे गेलो नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच बोलावणं धाडलं. मी ठरवून गेलो होतो की सगळं सांगायचं. रस्ताभर वाक्यं जुळवत गेलो. ताई, तुझ्या पोराचं मी वाटोळं केलं. इथून सुरुवात करायची, मग पुढचं आपोआप येईल.

भाचा घरातच होता. खिडकीजवळ मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. सायकलवाल्यांकडे विचारून आला होता, जागा भरली होती. मला बघून उठला नाही, पण खुर्चीकडे बोट दाखवलं. ताई स्वयंपाकघरातून आली. डोळे सुजलेले. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच बोलायला लागली.

"तुझ्या बायकोनं सांगितलं मला सगळं. काल आली होती. शनिवारी भर उन्हात तू मुद्दाम गेलास, याला म्हणालास की लाइन बंद होतेय, तू जा. मॅनेजरनं तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं तरी गेलास. आणि या गाढवानं ऐकलं नाही. संघ, संघ. बॉल पोट भरणार आहे का?"

मी भाच्याकडे बघितलं.

"मी विचारलं त्याला, खरं का रे," ताई म्हणाली. "तर म्हणतो, हो, मामांनी सांगितलं होतं. मीच नाही ऐकलं." तिचा आवाज फाटला. "एवढं मामानं जीव तोडून सांगावं आणि याला कळू नये? तू नसतास तर मी कोणाच्या तोंडाकडे बघितलं असतं रे."

भाचा मुलीच्या झबल्याचं बटण लावत होता. त्यानं मान वर केली नाही. बटण लागत नव्हतं, तो पुन्हा पुन्हा लावत होता. तो माझी बाजू सावरत नव्हता, हे मला कळत होतं. तो त्याच्या आईला सावरत होता. तिच्याकडचं आणखी एक माणूस कमी होऊ नये, एवढंच.

ताईनं माझ्या हातात चहाचा कप दिला आणि पदरानं डोळे पुसले. "बोल ना काहीतरी. तूच समजाव त्याला."

मी एक घोट घेतला.

"काय समजावणार, ताई," मी म्हटलं. "हल्लीची पोरं ऐकतात कुठे."